मांडीतलं बळ बोटांपर्यंत

नात नववीत गेली त्या वर्षी तिच्या शाळेने तिचं नाव गोळाफेकीत घातलं. कारण एकच, ती अंगाने थोराड. मुलगी उंच असली की लांब उडी आणि थोराड असली की गोळाफेक, हा आपल्याकडचा जुना न्याय. रविवारी सकाळी मैदान मोकळं असतं. ती तीन किलोचा गोळा घेऊन पुढे आणि मी मोजपट्टी नि वही घेऊन मागे, असे आम्ही जात असू. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला आकडा दिसला की तो लिहून ठेवावासा वाटतो. पण तीन रविवार झाले तरी वहीतला आकडा काही पुढे सरकेना. तिसऱ्या रविवारी तिने गोळा मातीत टाकला, हात झटकले आणि सांगून टाकलं, की आपल्या हातात मुळी ताकदच नाही, सोमवारी जाऊन नाव काढून घेणार.

त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. माझा खेळाशी संबंध कॅरमपुरता. मात्र ताकद हातात असते हे तिचं वाक्य माझ्या मनात अडकून राहिलं, कारण ते खरं नाही हे मी फार वर्षांपूर्वी बँकेतच पाहिलं होतं. आमच्या शाखेत एक वयस्कर दफ्तरी होते. अंगावर मूठभर मांस नव्हतं. नाण्यांच्या थैल्या आल्या की आम्ही तरुण कारकून मंडळी एकेक थैली कमरेत वाकून उचलायचो आणि चौथ्या थैलीला पाठ धरून बसायचो. दफ्तरी थैलीजवळ उकिडवे बसत, ती पोटाशी ओढून घेत आणि नुसते उभे राहत. थैली आपोआप वर येई. आम्ही आश्चर्य करू लागलो की ते हसून मांडीवर थाप मारत. बळ इथं आहे, हात म्हणजे नुसता आकडा, असं त्यांना सुचवायचं असे.

त्या रविवारी घरी आल्यावर मला दफ्तरी आठवले आणि त्यांच्या पाठोपाठ आणखी एक माणूस आठवला. काही वर्षांपूर्वी एका पाथरवटाच्या घराण्यावर कादंबरी लिहायचं मनात होतं. त्यासाठी दगड, खाणी, छिन्न्या यांच्याविषयी मिळेल ते वाचत होतो. कादंबरी तशीच राहिली. पण त्या वाचनात स्कॉटलंडमधला एक गवंडी भेटला, त्याने काही माझी पाठ सोडली नाही. डोनाल्ड डिनी त्याचं नाव. आपल्याकडे ते फारसं कुणाला ठाऊक नाही. त्याच्या देशात मात्र एके काळी लहान पोरालाही ते माहीत होतं.

डिनीचा जन्म ८ जुलै १८३७ चा. अठराच दिवसांपूर्वी व्हिक्टोरिया राणी गादीवर बसली होती. स्कॉटलंडच्या ईशान्येला ॲबरडीनशायर नावाचा परगणा आहे. तिथे डी नदीच्या खोऱ्यात, अबॉइन गावाजवळच्या बर्स परगण्यात तो जन्मला. हा सगळा मुलूख ग्रॅनाइटचा. घरं दगडाची, पूल दगडाचे, शेताचे बांधही दगडाचे. वडील रॉबर्ट डिनी गवंडीकाम करत. गंमत म्हणजे हे गवंडी लेखकही होते. आपल्या बर्स परगण्याची सगळी माहिती गोळा करून त्यांनी १८६५ साली पुस्तकरूपाने छापली. दिवसभर दगड घडवायचा आणि रात्री लेखणी घ्यायची, असा हा माणूस. दिवसा खातेवही आणि रात्री कादंबरी असं आयुष्य काढलेल्या मला त्यांच्याविषयी आपलेपणा वाटला तर नवल नाही.

डोनाल्ड लहान वयातच बापाच्या हाताखाली कामाला लागला. गवंड्याच्या पोराला व्यायामशाळा लागत नाही. पहारीने धोंडा हलवायचा, तो मांडीच्या आधाराने परांचीवर चढवायचा, भिंतीत त्याचं तोंड नीट बसेपर्यंत तोलून धरायचा. हे रोज आठ-दहा तास केलं की दगडाचं वजन कुठे दडलेलं असतं ते हातांना कळू लागतं. धोंड्याकडे बघून त्याची जड बाजू ओळखणं हे पाथरवटाचं अर्धं शिक्षण. डिनीचं पुढचं सगळं आयुष्य या शिक्षणावर उभं राहिलं, असं मला वाटतं.

त्या मुलखात उन्हाळ्याच्या अखेरीस गावोगाव मेळे भरतात. त्यांना हायलँड गेम्स म्हणतात. आपल्या जत्रेतला कुस्तीचा फड डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे त्याची कल्पना येईल. एकीकडे बॅगपाइप वाजत असतात, दुसरीकडे नाच चालू असतो आणि मधल्या हिरवळीवर चौकटीचे घागरे, म्हणजे किल्ट, घातलेले दांडगे गडी ताकदीचे खेळ करत असतात. ओंडका उलटा करून टाकायचा, हातोडा फिरवून फेकायचा, कुस्ती खेळायची. यातला सगळ्यांत जुना आणि साधा खेळ म्हणजे दगडफेक. नदीच्या पात्रातला गुळगुळीत धोंडा घ्यायचा आणि एका हाताने शक्य तितका लांब ढकलायचा. तिथल्या गेलिक भाषेत त्याला बळाचा दगड असंच नाव आहे. सरदाराच्या वाड्याबाहेर असे धोंडे पडलेले असत आणि आल्यागेल्याने आपली ताकद त्यावर अजमावावी अशी रीत असे. राणी व्हिक्टोरिया १८४८ साली या खोऱ्यात पहिल्यांदा राहायला आली आणि ब्रेमार गावच्या मेळ्याला हजेरी लावू लागली. मग या खेड्यातल्या खेळांना एकदम प्रतिष्ठा आली, गर्दी आली, आणि गर्दीबरोबर बक्षिसाचा पैसाही आला.

डोनाल्डने पहिलं बक्षीस मिळवलं १८५३ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी. जवळच्या किनकार्डिन ओनील गावात त्याने एका नावाजलेल्या स्थानिक मल्लाला कुस्तीत पाडलं आणि एक पौंड मिळवला. एक पौंड ही गवंड्याच्या पोराला लहान रक्कम नव्हती. जे बळ भिंतीत रोज मातीमोल जातं त्याला मैदानावर रोख किंमत येते, हा हिशेब त्या दिवशी त्याला कळला असावा. पुढची कित्येक वर्षं तो उन्हाळ्यात मेळे गाजवत असे आणि एरवी गवंडीकाम करत असे.

त्याचं नाव आज ज्या गोष्टीमुळे जगभरच्या व्यायामपटूंना माहीत आहे ती घडली १८६० च्या सुमारास. डी नदीवर पोटार्क नावाच्या ठिकाणी थॉमस टेलफर्ड या प्रसिद्ध अभियंत्याने बांधलेला दगडी पूल आहे. त्याच्या दुरुस्तीचं काम डिनी बापलेकांकडे होतं. परांची तोलून धरायला दोन ग्रॅनाइटचे धोंडे वापरत. प्रत्येकात लोखंडी कडी बसवलेली. एकाचं वजन १८८ किलो, दुसऱ्याचं १४४ किलोंच्या वर. दोन्ही मिळून ३३२ किलो. वडील त्यातला एक उचलत. मुलाने एके दिवशी दोन्ही कड्यांत दोन हात घातले, दोन्ही धोंडे एकदम उचलले आणि पुलाची रुंदी ओलांडून पलीकडच्या कठड्यापर्यंत चालत गेला. अंतर पाच मीटरांच्या थोडंसं वर. ही हकिकत त्याने स्वतःच म्हातारपणी लिहून ठेवली.

हे वाचून आपण थक्क होतो आणि तिथेच थांबतो. मीही पहिल्यांदा थांबलो होतो. पण जरा विचार केला तर लक्षात येतं, की केवळ असा भार उचलणारा माणूस चांगला दगडफेक्या होईलच असं नाही. उलट बहुधा होत नाहीच. भार उचलताना बळ सावकाश लागतं, एका जागी लागतं. फेकताना तेच बळ डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पायांपासून बोटांपर्यंत जावं लागतं. रक्कम मोठी असणं वेगळं आणि ती वेळेवर दुसऱ्या खात्यात वळती होणं वेगळं. ज्याची वाटेत गळती होत नाही तो फेकीत जिंकतो. डिनीला दोन्ही साधलं, त्याचं मोठेपण यात आहे.

हा दगड फेकतात कसा, ते इथे सांगायला हवं. कारखान्यात ओतलेला लोखंडी गोळा सगळीकडून सारखा असतो. नदीतला धोंडा तसा नसतो. त्याचं पोट एकीकडे असतं, चपटी बाजू दुसरीकडे. म्हणून जाणता गडी आधी तो हातात फिरवून बघतो, त्याची जड बाजू शोधतो आणि मग बोटं कुठे बसवायची ते ठरवतो. दगड तळहातावर ठेवायचा नसतो. तो बोटांच्या मुळाशी ठेवायचा, अंगठा आणि करंगळी यांनी बाजूने सांभाळायचा आणि मानेला, जबड्याच्या खाली, घट्ट टेकवायचा. कोपर बाजूला वर ठेवायचं. कोपर खाली पडलं की दगड ढकलला जात नाही, चेंडूसारखा भिरकावला जातो. त्यात अंतरही जातं आणि खांदाही दुखावतो. आपण मराठीत गोळाफेक म्हणतो खरं, पण ती फेक नाही, ढकल आहे.

मग सगळं वजन मागच्या पायावर घ्यायचं, गुडघा चांगला वाकवायचा. सुरुवात त्या पायाने करायची. पाऊल वळतं, त्यामागोमाग कंबर वळते, मग छाती, मग खांदा, आणि हात अगदी शेवटी. दगडाने शक्य तितका वेळ मागे राहायचं असतं. नवशिक्याची चूक इथेच होते. तो हाताची घाई करतो. हात आधी सुटला की पायांतलं बळ पायांतच राहतं. आणि दुसरी गोष्ट पुढच्या पायाची. तो शेवटच्या क्षणी ताठ होऊन जमिनीत खिळ्यासारखा रुतला पाहिजे. भरधाव बैलगाडी दगडाला अडून थांबली की वरचं ओझं पुढे उडतं ना, तसा मग धोंडा पुढे उडतो. कोनाचं म्हणाल तर पुस्तकी हिशेबाने ४५ अंश. पण दगड जमिनीवरून सुटत नाही, माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून सुटतो, आणि वरच्या दिशेला ढकलताना बळही कमी पडतं. म्हणून प्रत्यक्षात ३५ ते ४० अंशांमधली फेक लांब जाते. सगळ्यांत महत्त्वाचा वेग. सुटताना वेग दहा टक्क्यांनी वाढला तर अंतर वीस टक्क्यांच्या जवळपास वाढतं. इतकं व्याज मी माझ्या नोकरीत कुणाला दिलं नाही.

या खेळाचे दोन प्रकार आहेत. ब्रेमारच्या पद्धतीत दगड अधिक जड असतो आणि पाय जागचे हलवायचे नसतात. उभ्या जागेवरून फेकायचं. दुसऱ्या, खुल्या प्रकारात दगड हलका असतो आणि साडेसात फुटांची जागा मिळते. तेवढ्या जागेत गडी एक झेप घेतो आणि फेकतो. डिनीच्या काळात ही झेप कुशीवर घेत, म्हणजे खांदा फेकीच्या दिशेला करून. वीस वर्षांच्या आसपास स्कॉटलंडमध्ये त्याला बरोबरीचा सर्वांगीण खेळाडू मिळाला नाही. तो नुसता वजनदार गडी नव्हता. शर्यतीत धावायचा, उंच उडीतही उतरायचा. एवढ्या धिप्पाड माणसाचे पाय इतके चपळ होते, यातच त्याच्या फेकीचं मर्म आहे.

१८६८ साली पर्थ इथे त्याने १६ पौंडांचा गोळा ४९ फूट ६ इंच टाकला अशी नोंद सांगितली जाते. म्हणजे १५ मीटरांच्या थोडंसं वर. त्या काळी मैदानं कुठे उताराची, कुठे चढाची, धोंडेही कुठे हलके, कुठे जड. त्यामुळे इंचाइंचाचा हिशेब धरू नये. पण या आकड्याचं मोल कळायला एक दुसरा आकडा पाहावा. १८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक सुरू झालं. त्यात गोळाफेकीचं पहिलं पदक रॉबर्ट गॅरेट या अमेरिकन तरुणाने जिंकलं, ११ मीटर २२ सेंटिमीटर फेकीवर.

आता हा गॅरेट कुठला? प्रिन्स्टन विद्यापीठाचा. आणि प्रिन्स्टनमध्ये गोळाफेक आली कुठून? तिथे जॉर्ज गोल्डी नावाचे स्कॉटिश व्यायामशिक्षक होते. १८७३ साली त्यांच्या देखरेखीखाली विद्यापीठात स्कॉटिश धर्तीचे खेळ सुरू झाले. स्कॉटलंड सोडून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथल्या शहरांत कॅलेडोनियन क्लब काढले होते. त्यांच्या मेळ्यांना हजारोंनी लोक येत. डिनी १८७० साली पहिल्यांदा अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि १८७२ साली जेम्स फ्लेमिंग या आपल्या प्रतिस्पर्ध्याला बरोबर घेऊन पुन्हा गेला. अशा खेळांतूनच दगडफेक आणि हातोडाफेक अमेरिकन महाविद्यालयांत रुजली आणि तिथून ऑलिंपिकमध्ये गेली. आजही पुरुषांच्या गोळ्याचं वजन ७.२६ किलो असं विचित्र का असतं? कारण ते सोळा पौंड आहेत. त्या जुन्या वजनाची खूण आजच्या गोळ्यात अशी राहून गेली आहे.

पण ज्या खेळात तो सगळ्यांच्या पुढे होता त्या खेळाच्या अधिकृत वहीत डिनीचं नाव नाही. याचं कारण पैसा. तो बक्षिसासाठी खेळत असे आणि पुढे पुढे नुसतं येण्यासाठीही बिदागी मागत असे. त्याबद्दल त्याच्यावर टीका झाली, गर्विष्ठ म्हणून आणि लोभी म्हणून. तिकडे लंडनमध्ये १८६० च्या दशकात हौशी खेळाडूंची संस्था निघाली. पैशासाठी खेळणारा माणूस तर तिने वगळलाच, पण कारागीर आणि मजूरही वगळले. ही दुसरी अट १८८० मध्ये गेली, पहिली पुढे शंभर वर्षं टिकली. म्हणजे डिनी दोन्ही बाजूंनी बाहेर. पैसे घेतले म्हणून बाहेर आणि हातात छिन्नी होती म्हणूनही बाहेर. ज्याच्या घरी खायला आहे त्याने हौसेने खेळावं, ही व्यवस्था ऐकायला फार उदात्त वाटते. पण गवंड्याच्या मुलाने एक दिवस खेळायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. त्याने बिदागी मागितली तर त्याला लोभी म्हणायला मी तरी तयार नाही. मी कारकून असताना ओव्हरटाइम मागत होतो, तेव्हा मला कुणी लोभी म्हटलं नव्हतं.

पुढे तो बराच काळ परदेशातच राहिला. १८८४ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाला गेला, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकाही पाहिली. जिथे स्कॉटिश माणसांची वस्ती होती तिथे मेळे होते आणि मेळ्यात डिनी होता. पन्नाशी उलटली तरी तो फेकत होता, कुस्त्या खेळत होता. अकरा हजारांवर बक्षिसं जिंकल्याचं त्याच्याविषयी लिहितात. आकडा फुगलेला असेल असं धरलं, त्यातला अर्धा खोटा मानला, तरी उरतं ते पुष्कळ आहे. विसावं शतक उजाडण्याच्या सुमारास तो ब्रिटनला परतला. तेव्हा तो साठीचा, म्हणजे आज माझं आहे त्या वयाचा होता.

त्याचा हा शेवटचा भाग वाचताना मी पुस्तक अनेकदा बाजूला ठेवलं. एवढी वर्षं कमावलेला पैसा गाठीला फारसा उरला नव्हता. बँकेत पेन्शनचे कागद तपासताना मी बरेच चेहरे पाहिले आहेत. ज्यांनी आयुष्यभर अंगमेहनत केली त्यांचं उतारवय कसं येतं ते मला माहीत आहे. शरीर हे असं खातं आहे की त्यातून रोज काढता येतं, पण एका वयानंतर भरता येत नाही. सत्तरी ओलांडल्यावरही डिनी लंडनमध्ये रंगमंचावर बळाचे प्रयोग करत होता. आयर्न ब्रू नावाच्या पेयाच्या जाहिरातीत त्याचं चित्र झळकत होतं. स्कॉटलंडचा एके काळचा नंबर एकचा गडी बाटलीच्या जाहिरातीवर छाती काढून उभा!

पण त्याच काळात तो आणखी एक काम करत होता, आणि त्यामुळे माझं मन थोडं हलकं झालं. व्यायामाला वाहिलेल्या एका लोकप्रिय मासिकात तो लिहू लागला होता. आपल्या आठवणी, आपले खेळ, आपल्या पोटार्कच्या धोंड्यांची हकिकत. बापाच्या हातातली दुसरी वस्तू, लेखणी, मुलाने शेवटी उचलली ती अशी. अंगातलं बळ मरताना कुणाला देता येत नाही. पण ते कसं वापरलं, ते सांगून ठेवता येतं.

२ एप्रिल १९१६ रोजी लंडनमध्ये तो गेला. पहिलं महायुद्ध ऐन भरात होतं. आघाडीवरचे सैनिक जड तोफगोळ्याला गमतीने डोनाल्ड डिनी म्हणत. मेळ्यातल्या निरुपद्रवी दगडाशी जोडलेलं नाव माणसं मारणाऱ्या गोळ्याला मिळालं. त्यातली वेदना वेगळी सांगायला नको. त्याचे ते दोन धोंडेही पुढे लोक विसरून गेले. १९५३ साली डेव्हिड वेबस्टर या स्कॉटिश क्रीडा-अभ्यासकाने ते पुन्हा शोधून काढले. तेव्हापासून जगभरचे बलवान त्यांच्या वारीला येतात. १९७९ साली जॅन टॉड या अमेरिकन बाईंनी पट्ट्यांच्या साहाय्याने ते दोन्ही उचलले. २००२ साली स्कॉटलंडने आपल्या थोर खेळाडूंचं सन्मानदालन उघडलं, त्यात पहिल्याच यादीत डिनीला जागा दिली. वहीतली नोंद झाली, पण शहाऐंशी वर्षं उशिरा.

फेकीची रीत मात्र पुढे जात राहिली. अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने फेकीच्या दिशेला चक्क पाठ करून सुरुवात केली. त्यामुळे गोळ्याला अधिक लांबपर्यंत ढकलता आलं, आणि १९५४ साली तो ६० फुटांपलीकडे गेला. मग ब्रायन ओल्डफिल्डने गिरकी घेऊन फेकायला सुरुवात केली आणि १९७५ साली व्यावसायिक खेळाडू म्हणून ७५ फूट गाठले. तोही पैसे घेत असल्याने त्याची फेक अधिकृत विक्रमात धरली गेली नाही. हाच ओल्डफिल्ड पुढे हायलँड गेम्समध्येही उतरला. गिरकी जिथून निघाली नव्हती तिथे तिने अशी जागा मिळवली. २०२३ साली रायन क्राउझरने २३.५६ मीटरांचा विश्वविक्रम केला तोही गिरकी घेऊनच. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीने एका हाताच्या अपंगत्वावर मात करून २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा टाकला आणि रौप्यपदक मिळवलं. झेप बदलली, पाठ वळली, गिरकी आली, पण बळ जमिनीतून निघतं आणि बोटांतून सुटतं ही वाट डिनीच्या वेळी होती तीच आहे.

सोमवारी नातीने नाव काढून घेतलं नाही. आदल्या रात्री जेवताना मी तिला डिनीची गोष्ट सांगितली होती, आणि दफ्तरींचीही. तिला धोंड्यांपेक्षा नाण्यांच्या थैल्या अधिक पटल्या. पुढच्या रविवारी आम्ही ब्रेमारची रीत धरली. झेप नाही, उडी नाही, नुसतं उभ्या जागेवरून फेकायचं. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारून घेतलं, त्यांनीही मान डोलावली. पहिले दोन आठवडे आकडा उलट मागे आला. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. मी वहीत लिहीत राहिलो. ती दर वेळी हाताची घाई करायची. मी वर्तुळाबाहेर उभा राहून फक्त तिच्या मागच्या गुडघ्याकडे बघायचो, आणि तो आधी हलला की मान हलवायचो, नाही हलला की नाही.

पाचव्या रविवारी एक फेक वेगळी वाटली. गोळा सुटताना आवाजच झाला नाही. तिचा चेहरा मी आधी पाहिला आणि मोजपट्टी नंतर धरली. जुन्या आकड्याच्या पुढे पाऊण मीटर. आंतरशालेय स्पर्धेत ती पाचवी आली, पदक नाही. पण यंदा तिच्या शाळेतली सातवीतली एक चणीने लहान मुलगी तिच्यामागे लागून मैदानावर येऊ लागली आहे. परवा ती मुलगी गोळा टाकून, हात झटकून, रडवेली होऊन उभी राहिली. नात तिच्याजवळ गेली, काही बोलली नाही. तिने फक्त वाकून तिच्या मांडीवर हलकी थाप मारली.

मी वहीचं नवं पान उघडलं.